थोरल्या बाईंचा ओढा

बोट येण्याच्या दिवशी लुएला जॅकशी सकाळी कुणी फारसं बोलायला जात नसे. पोर्ट वेल्डनच्या धक्क्यावर बोटीचे दोर बांधायचं काम तिचं, उतरलेल्या माणसांना अस्वलं दाखवायला न्यायचं कामही तिचंच, आणि दोन्ही कामं एकाच तासात अंगावर यायची. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, डोक्यावर मेलेल्या भावाची लोकरीची टोपी, अशी ती धक्क्याच्या टोकाला उभी राहायची. बेटाच्या वळणावरून निळी बोट दिसली की म्हणायची, "आली बया एकदाची."

अलास्काच्या त्या किनाऱ्यावर गावाला गाव जोडणारा रस्ता असा नाहीच. सगळी बेटं, मध्ये पाणी, आणि काठापर्यंत उतरलेलं जंगल. गावात येणारं जे काही असेल ते निळ्या बोटीतून यायचं. पीठ, गाड्यांचे टायर, शाळेचे नवे मास्तर, शहरातल्या दवाखान्यातून परत येणारी म्हातारी माणसं आणि उन्हाळ्यात प्रवासी. हे प्रवासी वरच्या डेकवर तंबू ठोकून तीन-तीन दिवस राहायचे. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तंबू चिकटपट्टीनं डेकला चिकटवलेले असायचे. देवमासे आणि हिमनद्या बघून बघून डोळे लाल झालेले. पोर्ट वेल्डनला बोट माल उतरवायला-चढवायला चार तास थांबायची आणि तेवढ्यात लुएला त्यांना शाळेच्या जुन्या पिवळ्या बसमध्ये घालून ओढ्यावर न्यायची.

धक्क्याच्या तोंडाशी हॅल्वरचं दुकान. हॅल्वरचे आजोबा नॉर्वेहून मासेमारीला आले ते इथलेच झाले. बस दुकानावरून गेली की तो दारात येऊन ओरडायचा, "लुएला, आज किती जणांना खाऊ घालणार अस्वलांना?"

"तुलाच न्यायचा विचार होता. पण त्या नासकं खात नाहीत."

बसमधले लोक हसायचे. मग लुएला बस थांबवून मागे वळायची. "आता हसणं बास. खिशात चॉकलेट, बिस्किट, काहीही असेल ते या डब्यात टाका. लपवाल तर मला नाही, त्यांना कळेल." एकदा एका गृहस्थाच्या कोटाच्या आतल्या खिशातून हातभर सॉसेज निघालं होतं. बायको त्याच्याकडे अशी बघत राहिली की लुएलाला अस्वलापेक्षा तिचीच भीती वाटली.

ओढ्याच्या काठी लाकडी मचाण होतं. पायऱ्या चढायच्या आधी लुएला मोठ्यानं बोलायची. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटायचं, बाई आपल्याशी बोलते आहे. ती बोलायची समोरच्या झाडीकडे बघून. "थोरल्या बाई, आम्हीच आलोय हो. नुसतं बघतो आणि जातो. तुमचं चालू द्या."

आईनं तिला लहानपणीच बजावून ठेवलं होतं. आपण त्लिंगिट माणसं, या किनाऱ्यावरची मूळची. अस्वलाला माणसाचं बोलणं कळतं, तेव्हा त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि त्याच्या घरी जायचं तर सांगून जायचं. ओढ्यावरच्या त्या तपकिरी मादीचा डावा कान फाटलेला होता. लुएलानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नुकती आईपासून सुटलेली, अंगानं लुकडी होती. पुढे अठरा उन्हाळे ती त्याच वळणावर, त्याच खडकावर येत राहिली. पाच वेळा पिल्लं घेऊन आली. गुलाबी सामन मासे वर चढायला लागले की ओढा नुसता खदखदायचा, आणि थोरल्या बाई पाण्यात उभ्या राहून पाटावर बसून जेवावं तशा सावकाश जेवायच्या. लुएलाचा आवाज आला की मान वर करायच्या, जरा वेळ बघायच्या आणि पुन्हा खाली घालायच्या. प्रवासी श्वास रोखून बसायचे. एखादी बाई रडायची. लुएलाला त्यात काही नवल वाटत नसे. तिला वाटायचं, हे असंच असतं आणि असंच राहणार.

मग एका वर्षी मंगळवारची बोट बंद झाली. बोटी जुन्या झाल्या आहेत, खलाशी मिळत नाहीत, असं रेडिओवर सांगितलं. शनिवारची तरी आहे ना, म्हणून गावानं मनावर घेतलं नाही. दोन वर्षांनी शनिवारची पंधरवड्यावर गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोट चार तासांऐवजी चाळीस मिनिटंच थांबायला लागली. चाळीस मिनिटांत ओढ्यावर जाऊन येणं होत नाही. प्रवासी डेकवर उभे राहून डोंगराचे फोटो काढायचे, लुएला दोर बांधायची, सोडायची आणि घरी जायची. पिवळी बस दुकानामागे उभी राहिली. तिच्या चाकांतून नेचे उगवले.

माणसं जायला लागली ती आधी एकेकटी, मग घरंच्या घरं. लुएलाची मुलगी टॅमरा शाळेत स्वयंपाक करायची. नवरा कधीच सोडून गेला होता. दोन मुलं होती. एप्रिलमध्ये लुएला पाइनच्या डहाळ्यांसारख्या हेमलॉकच्या फांद्या पाण्यात बुडवून त्यावर जमलेली हेरिंग माशांची अंडी काढत होती, तेव्हा टॅमरा किनाऱ्यावर आली आणि म्हणाली, "आई, आम्ही शाळा संपली की निघतोय. शहरात काम मिळालंय मला."

लुएलानं फांदी पाण्यातून वर घेतली. "पट किती आहे शाळेचा?"

"हे विचारू नकोस."

"अकरा आहे. तुझी दोन वजा कर."

"मला वजाबाकी येते, आई."

"दहाच्या खाली गेला की शाळा बंद. शाळा कुणी बंद पाडली, तर लुएला जॅकच्या लेकीनं, असं म्हणतील."

टॅमरा म्हणाली, "गाव टिकवायला माझीच पोरं ओलीस ठेवायची का? धाकट्याला दम्याचा झटका आला तेव्हा विमान दुसऱ्या दिवशी आलं. रात्रभर मी त्याचे ओठ बघत बसले होते. तू पण होतीस तिथे."

लुएला होती तिथे. तिनं फांदी पुन्हा पाण्यात बुडवली. "जा मग," ती म्हणाली. "कुणी धरलंय?" निघायच्या दिवशी तिनं बोटीचे दोर नेहमीसारखे सोडले. वर कठड्यापाशी नातवंडं हात हलवत होती. तिनं हात हलवला नाही, कारण हातात दोर होता. निदान पुढे बरीच वर्षं ती स्वतःला असंच सांगत राहिली.

शाळा सुटली ती पुन्हा भरलीच नाही. त्याच शरद ऋतूत हॅल्वरचा पाय साखरेच्या आजारानं सडला. छोट्या विमानात त्याला आडवं घातलं तेव्हा तो लुएलाला म्हणाला, "दुकानाची किल्ली तुझ्याकडे ठेव. उंदरांना उधारी देऊ नकोस." तो तिकडेच वारला. गावात उरली तेवीस माणसं.

त्यात एक होता कॉर्विन, लुएलाच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर तो लुएलाच्याच घरी वाढला. आता चौतीस वर्षांचा, थोराड, शांत. गावात पोलिस म्हणा, आग विझवणारा म्हणा, जे काय म्हणाल ते तोच. बायको रीना आणि दोन महिन्यांची मुलगी. "मावशी, आम्ही कुठे जात नाही," तो म्हणायचा, आणि लुएला त्याच्या पानात माशाचा मोठा तुकडा वाढायची.

त्यानंतर आला तो उन्हाळा. ज्या किनाऱ्यावर लोक छत्री बाळगत नाहीत, कारण रोजच्या पावसाला कुणी छत्री धरत नाही, तिथे सात आठवडे थेंब पडला नाही. जंगलातलं शेवाळ हातात घेतलं की चुरा व्हायचा. ओढ्याचं पाणी घोट्याएवढं आलं आणि कोमट झालं. सामन मासे समुद्रातून आले, ओढ्याच्या तोंडाशी दाटले आणि तिथेच घुटमळत राहिले. वर चढायला पाणीच नव्हतं. ऑगस्टच्या मध्याला लुएला होडी घेऊन बघायला गेली तर मुखापाशी पांढरी पोटं वर करून हजारो मासे तरंगत होते. तिनं एक उचलून सुरीनं चिरला. आत अंडी तशीच्या तशी भरलेली. ती होडीत बसून राहिली. त्या मासळीबरोबर पुढच्या सालांची मासळीही मेली होती, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

थोरल्या बाईंबरोबर त्या वर्षी दोन पिल्लं होती. मेलेली मासळी दोन आठवड्यांत कावळ्या-गरुडांनी आणि भरतीनं संपवली. बेरीची झुडपं वाळलेली. ऑगस्टअखेर लुएलाला एकच पिल्लू दिसलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेही दिसलं नाही.

मग त्या गावात आल्या. आधी मासे धुरवायच्या खोपटाची फळी उखडली. कॉर्विननं भांडी बडवली, हवेत फटाके उडवले. दोन दिवस गेले आणि हॅल्वरच्या बंद दुकानाचं मागचं दार आत पडलं. मग भर दुपारी कॉर्विनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून त्या उभ्या राहिल्या. आत रीना बाळाला पाजत होती.

संध्याकाळी कॉर्विन लुएलाकडे आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "मावशी, आता बास."

"थंडी पडली की जातील डोंगरात हिवाळाभर झोपायला. महिनाभर कळ काढ."

"महिन्यात माझी पोरगी राहील का? खिडकीची काच आहे ती, भिंत नाही."

"त्यांनी अठरा वर्षांत कुणाला नख लावलेलं नाही."

"अठरा वर्षं त्यांचं पोट भरलेलं होतं, मावशी."

लुएलानं दहा दिवस मागून घेतले. कॉर्विननं चार दिले.

त्या चार दिवसांत तिनं जे केलं ते तिनं एरवी दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. फ्रीजरमध्ये हिवाळ्यासाठी ठेवलेला सगळे हॅलिबट मासे आणि सीलची चरबी तिनं होडीत भरली, ओढ्याच्या पलीकडच्या खाडीत नेली आणि वाळूवर ओतली. थोरल्या बाई त्या बाजूला राहतील, गावाकडे यायच्या नाहीत, एवढाच तिचा हिशेब. झाडीकडे तोंड करून तिनं सांगितलंही, "हे तुमचं. इथेच थांबा. तिकडे येऊ नका." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर वाळू चाटून स्वच्छ केलेली. तिला एवढा आनंद झाला की परतताना ती गुणगुणत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच दारात फळ्या करकरल्या. खिडकीतून तिनं पाहिलं. ज्या टोपल्यांतून मासे नेले होते त्या टोपल्या ओसरीवर होत्या, आणि थोरल्या बाई त्यांत तोंड घालून बसल्या होत्या. तिच्या माशाचा वास धरून पोहत खाडी ओलांडून आल्या होत्या. अंगावरचं कातडं पोत्यासारखं लोंबत होतं. माणूस म्हणजे खाणं, हे त्यांना अखेर कळलं होतं, आणि ते शिकवलं होतं लुएलानं.

कॉर्विन बंदूक घेऊन आला. टोपल्या बघून त्याला सगळं समजलं. "काय केलंस हे मावशी," एवढंच तो म्हणाला, आणि आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. तोवर थोरल्या बाई ओसरीवरून उतरून लाकडी वाटेनं चालायला लागल्या होत्या. वाट कॉर्विनच्याच घराकडे जाते. त्या चालत होत्या, त्यांच्या पलीकडे घराची भिंत होती, आणि भिंतीच्या आत रीना आणि बाळ. गोळी झाडावी तर कुठे जाईल, सांगता येत नव्हतं.

"मावशी, त्यांना थांबव."

लुएलाला पहिल्यांदा कळलंच नाही.

"तुझा आवाज ओळखतात त्या. थांबव. जरा बाजूला वळू देत."

ती वाटेवर उतरली. पुढे कधी तरी ती टॅमराला म्हणाली की त्या वेळी दुसरा कुठला शब्द तोंडात आला असता तर बरं झालं असतं, पण आला तो रोजचाच. "थोरल्या बाई, आम्हीच आलोय हो."

त्या थांबल्या. मान वळवली, मग अंग वळवलं, आणि ओढ्यावर बघायच्या तशा बघत उभ्या राहिल्या. मागे आता नुसता समुद्र होता. कॉर्विननं दोन गोळ्या घातल्या.

दुसरी लागायच्या आतच त्या बसल्या होत्या. लुएला जवळ जाऊन बसली. गावातली माणसं लांब उभी राहिली. तिनं पाणी मागवून घेतलं, तोंडावरचं रक्त धुतलं, आईनं शिकवलेलं जे बोलायचं असतं ते बोलली आणि डोकं डोंगराच्या दिशेला वळवून ठेवलं. दात झिजून हिरड्यांना टेकले होते. पोट चिरलं तेव्हा आत टोपलीच्या विणीचे तुकडे, गवत आणि प्लास्टिकची पिशवी निघाली. कॉर्विन धक्क्यामागे जाऊन ओकला. त्यानंतर त्या दोघांत ती गोष्ट कधीच निघाली नाही, आणि हळूहळू बाकीच्या गोष्टी निघायच्याही थांबल्या.

ऑक्टोबरात धक्क्याची तपासणी झाली. पाण्याखालचे खांब किड्यांनी पोखरलेले निघाले. दुरुस्ती होईपर्यंत बोट येणार नाही, असं पत्र आलं. दुरुस्ती कधी, ते पत्रात नव्हतं. शेवटची बोट लागली तेव्हा वरून खलाशी म्हणाला, "वसंतात भेटू, लुएला." ती म्हणाली, "दोर नीट गुंडाळ, ओला आहे." त्यापुढे ती बोट तिथे लागली नाही.

हिवाळ्यात गावात अकरा जण उरले होते. मार्चमध्ये कॉर्विनच्या बाळाला ताप चढला. ढग खाली उतरलेले, विमान तीन दिवस येऊ शकलं नाही. पोरगी वाचली, पण दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. बाळाला घेऊन शहरातल्या दवाखान्यात गेलेली रीना परत आलीच नाही. कॉर्विन सामान न्यायला आला तेव्हा लुएलाच्या दारात उभा राहिला. "मावशी, तूही चल. इथे तुला एकटीला सोडून मी झोपू शकणार नाही."

"तू तसाही झोपत नाहीस."

"म्हणूनच चल."

तिनं एक पेटी भरली. कॉर्विनच्या मासेमारीच्या होडीतून दोघं दोन दिवस प्रवास करत गेली. वाटेत देवमाशांचा कळप लागला, अगदी जवळून श्वास टाकत गेला. दोघांनीही मान वर केली नाही.

शहरात ती टॅमराच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला लागली. खिडकीतून उन्हाळ्यात मोठाली पांढरी जहाजं दिसायची, एकेका जहाजात पोर्ट वेल्डनसारखी शंभर गावं मावतील अशी. प्रवाशांना छोट्या बोटीतून अस्वलं दाखवायला नेणारी एक कंपनी होती. टॅमरानं जाऊन सांगितलं की माझ्या आईनं हे काम बरीच वर्षं केलंय. तिथला तरुण मॅनेजर खूष झाला. लुएलाच्या हातात त्यानं माइक दिला. "आजी, तुम्ही फक्त तुमच्या आठवणी सांगा. लोकांना तेच हवं असतं."

पहिल्या दिवशी तिनं सांगितलं. सॉसेजवाल्या गृहस्थाची गोष्ट सांगितली, लोक पोट धरून हसले. थोरल्या बाईंची पाच बाळंतपणं सांगितली. त्या पाण्यात उभ्या राहून कशा जेवायच्या, तेही सांगितलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं डोळे पुसत विचारलं, "आणि आता कुठे असतात त्या?"

लुएलानं माइक तोंडाशी धरला होता. "आम्ही मारल्या," ती म्हणाली. "मी हाक मारली, त्या थांबल्या, भाच्यानं गोळी घातली. उपाशी होत्या."

मॅनेजरनं येऊन तिच्या हातातून माइक अलगद काढून घेतला आणि उजवीकडे गरुडाचं घरटं आहे, असं तो लोकांना सांगायला लागला. दुसऱ्या दिवसापासून लुएलाला कपड्यांच्या खोलीत काम दिलं. प्रवाशांना भाड्यानं दिलेले रेनकोट आणि गमबूट धुवायचे, जोड्या लावायच्या, मापाप्रमाणे फळीवर ठेवायच्या.

त्या संध्याकाळी टॅमरानं विचारलं, "आई, सांगायचं ना, आहेत अजून जंगलात कुठे तरी. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"कुणाचंच नाही," लुएला म्हणाली.

"मग?"

लुएलानं ताट पुढे ओढलं. टॅमरानं बटाटे केले होते, आणि दुकानातून आणलेला, कुठल्या तरी तलावात पाळलेला सामन. तिनं एक घास खाल्ला. चव नव्हती. दुसरा घास घेतला. "कॉर्विनचा फोन आला होता का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मासळीच्या कारखान्यात जातो ना अजून?"

"गेल्या आठवड्यापासून जात नाही, असं रीना म्हणत होती. पितो. कुठे असतो ते तिलाही ठाऊक नाही."

लुएला जेवत राहिली. धाकटा नातू दुसऱ्या खोलीत खोकत होता. टॅमरा उठून त्याचं औषध घेऊन गेली, आणि परत आली तेव्हा आई ताट धुऊन, पालथं घालून, उद्याचे कपडे खुर्चीवर काढून ठेवून झोपायला गेली होती.